ऑक्टोबर १९६२ : एकच आठवडा, दोन पेपर

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर इतिहास विभागात मी आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. पुढील प्रकरण त्या पेपरमधील एका घटकाचे आणि एका सत्रातील साधारण चार आठवड्यांचे आहे. घटक शीतयुद्धाचा होता, आणि त्यातही क्युबातील क्षेपणास्त्र पेचप्रसंगाचा, म्हणजे सोव्हिएत संघाने क्युबात आणलेल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी उद्भवलेल्या संघर्षाचा. मंगळवारी माझी तासिका असे. गुरुवारी त्याच वर्गाला माझे सहकारी समकालीन भारताच्या पेपरमध्ये १९६२चे भारत-चीन युद्ध शिकवत असत. वर्गात अठ्ठावीस विद्यार्थी होते. त्यांतील निम्म्याहून अधिक जण मराठी माध्यमातून पदवी घेऊन आलेले होते. काही जुन्नर, भोर, इंदापूर या बाजूंचे, काही पुण्याच्या पेठांतले आणि उपनगरांतले. दोन्ही घटना एकाच आठवड्यात घडल्या, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. मला तारखा पाठ होत्या, तरी वर्गात त्या शेजारी-शेजारी मांडाव्यात असे तोवर मलाही कधी सुचले नव्हते.

ते एका प्रश्नामुळे उघड झाले. पेचप्रसंगात संयुक्त राष्ट्रांचे प्रभारी सरचिटणीस ऊ थांट यांनी २४ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह या दोघांनाही संयम राखण्याची विनंती करणारे संदेश पाठवले, असे मी सांगत होते. तेव्हा जुन्नरची एक विद्यार्थिनी वही चाळता चाळता थांबली आणि तिने विचारले, "मॅडम, चोवीस ऑक्टोबरला तर तवांग पडत होतं. मग त्यांनी आपल्याकडे का नाही पाठवलं पत्र?" साम्यवादी चीन त्या काळी संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता, त्याला ती जागा १९७१ मध्ये मिळाली, आणि भारतानेही हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला नव्हता, असे उत्तर मी दिले. उत्तर बरोबर होते. मात्र वर्गाचे लक्ष त्या उत्तराकडे नव्हतेच. मुले एकमेकांच्या वह्यांत डोकावून तारखा ताडून पाहत होती. चीनचा मोठा हल्ला २० ऑक्टोबरचा, केनेडींचे दूरचित्रवाणीवरील भाषण २२ ऑक्टोबरचे, भारतातील आणीबाणीची घोषणा २६ची, आणि क्युबातील क्षेपणास्त्रे काढून घेण्याची मॉस्को रेडिओवरील घोषणा २८ची.

त्या दिवशी मी घटकाचे नियोजन बदलायचे ठरवले. हे ठरवणे सोपे नव्हते, कारण त्याआधी एक प्रयोग फसलेला होता.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

आपल्याकडे पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी इतिहासाचे उत्तर कारणे, घटनाक्रम, परिणाम आणि महत्त्व अशा चार खणांत लिहायला शिकून आलेला असतो. अप्पा बळवंत चौकात मिळणारी गाइडे त्याच खणांत रचलेली असतात आणि गुणही त्याच खणांना मिळतात. यात विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाही. मात्र आंतरराष्ट्रीय इतिहासात या मांडणीची फार मोठी किंमत मोजावी लागते. युद्ध टळले हे उत्तर लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते, त्यामुळे ते टळणारच होते असा सूर सगळ्या उत्तराला लागतो. २७ ऑक्टोबर १९६२च्या शनिवारी ज्या माणसांना उद्याची खात्री नव्हती, त्यांचे निर्णय मग बुद्धिबळाच्या पटावरील सोंगट्यांसारखे वाटू लागतात.

हे मोडण्यासाठी मी त्या सत्राच्या सुरुवातीला केनेडींच्या सल्लागार समितीची बैठक वर्गात भरवून पाहिली होती. भूमिका वाटल्या, टेबले जोडली. इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या पाच-सहा जणांनी तासभर बैठक गाजवली आणि उरलेले शांत बसून राहिले. बोलणाऱ्यांपैकीही प्रत्येकाला शेवट माहीत होता, त्यामुळे नाकेबंदीचा पर्याय पहिल्या दहा मिनिटांतच एकमताने मंजूर झाला. खऱ्या समितीला १६ ऑक्टोबरपासून त्यासाठी कित्येक दिवस लागले होते, आणि हवाई हल्ल्याचा आग्रह धरणारी माणसे त्या खोलीत कमी नव्हती. वर्गाला मजा आली. शिकणे झाले असे मला वाटले नाही.

नियम एकच : तारखेची मर्यादा

दुसऱ्या वेळी मी भूमिका दिल्या नाहीत, कागद दिले. वर्गाचे वॉशिंग्टन, मॉस्को, हवाना आणि दिल्ली असे चार गट केले. प्रत्येक गटाला दिवसवार कागदांची एकेक जुडी दिली. त्या जुडीत पत्रे, भाषणांचे उतारे, राजदूतांचे अहवाल आणि वृत्तपत्रीय लेख होते. कागद मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची दस्तऐवज-मालिका संगणकावर खुली आहे, नेहरूंचे निवडक लेखनही तसेच उपलब्ध आहे. एक गोष्ट मात्र जुड्या लावताना ठळकपणे दिसली. त्या अमेरिकी मालिकेत १९६१ ते १९६३ या काळासाठी क्युबा पेचप्रसंग ११व्या खंडात आहे आणि दक्षिण आशिया १९व्या खंडात. आपल्या दोन पेपरांनी जी भिंत घातली आहे, तीच दस्तऐवजांच्या कपाटांतही आहे.

गटांना पाळायचा नियम एकच होता. ज्या तारखेवर चर्चा चालू आहे, त्या तारखेपर्यंत आपल्या राजधानीला जे माहीत होते तेवढेच बोलायचे. बाकी सगळे, मग ते कितीही खरे असो, त्या दिवसापुरते बाद.

या नियमाची परीक्षा लवकरच झाली. वॉशिंग्टन गटातील एका मुलाने २७ ऑक्टोबरच्या चर्चेत वासिली आर्खिपोव्ह यांचे नाव घेतले. सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता आणि तो डागायला या अधिकाऱ्याने विरोध केला, ही हकीकत त्याने मोबाइलवर पाहिली होती. "म्हणजे धोका किती मोठा होता, हे आम्हाला कळलं पाहिजे," असे त्याचे म्हणणे होते. मॉस्को गटातील मुलीने त्याला अडवले. ती म्हणाली, "हे आम्हालाही त्या दिवशी माहीत नाही. पाणबुडी पाण्याखाली आहे." पाणबुडीची ती हकीकत जगासमोर आली ती बव्हंशी चाळीस वर्षांनी, २००२च्या हवाना येथील परिषदेच्या निमित्ताने. क्युबात छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रे आधीच पोहोचलेली होती, हेही अमेरिकनांना १९९२मध्ये समजले. मुलगा थोडा हिरमुसला. पुढच्या तासाला मात्र त्याने स्वतःहून फळ्यावर दोन स्तंभ आखले. एकावर लिहिले 'तेव्हा काय खरे होते', दुसऱ्यावर 'तेव्हा काय माहीत होते'. घटक संपेपर्यंत ते स्तंभ आम्ही पुसले नाहीत.

क्वारंटाइन आणि निरगाठ

सगळे मूळ कागद इंग्रजीत होते, आणि पहिल्या प्रयत्नात गप्प राहिलेली मुले इथेही गप्प राहतील अशी मला धास्ती होती. म्हणून प्रत्येक जोडीने रोज एका परिच्छेदाचा मराठी अनुवाद करून आणायचा, आणि चर्चा अनुवादापासूनच सुरू करायची, असे ठरवले. हे मी सोय म्हणून केले होते. प्रत्यक्षात घटकातील सर्वांत कसदार तास याच अनुवादांनी दिले.

केनेडींच्या २२ ऑक्टोबरच्या भाषणातील 'क्वारंटाइन' हा शब्द घ्या. २०२० साली ज्यांची शाळा-महाविद्यालये बंद पडली होती, अशा या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. चार जोड्यांनी 'विलगीकरण' लिहिले, दोघांनी 'नाकेबंदी' लिहिले, एकीने 'क्वारंटाइन' तसाच ठेवला. कोणता बरोबर यावर वाद पेटला. क्युबाभोवती युद्धनौका उभ्या करून जहाजे अडवणे याला मराठीत नाकेबंदीच म्हणतात, असे एक बाजू म्हणत होती, आणि अर्थाच्या दृष्टीने ते खरेच होते. मग मी विचारले की हे इतके उघड असताना केनेडींनी इंग्रजीतील सरळ शब्द का टाळला असेल. कागद पुन्हा चाळले गेले. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते, अडवली जाणार होती ती विशिष्ट लष्करी सामग्री, अन्न आणि इंधन नव्हे, आणि २३ ऑक्टोबरला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा ठराव मिळवून त्या कृतीला कायद्याचा आधार देण्यात आला. हे तिन्ही धागे मुलांनी स्वतः शोधून काढले. ज्या मुलीने शब्द तसाच ठेवला होता ती म्हणाली की, मराठीत नाकेबंदी लिहिले तर केनेडींनी जे लपवले ते आपण उघड करतो, आणि विलगीकरण लिहिले तर त्यांनी जे भासवले ते आपण मान्य करतो. मुत्सद्देगिरीच्या भाषेवर याहून नेमके वाक्य मी तरी त्या वर्गात बोलले नसते.

दुसरा शब्द मॉस्को गटाचा. ख्रुश्चेव्ह यांचे २६ ऑक्टोबरचे लांबलचक पत्र वाचताना गाठ बसलेल्या दोरीची उपमा येते. दोन्ही बाजूंनी टोके ओढली तर गाठ इतकी आवळत जाईल की शेवटी ती सोडवता येणार नाही, कापावी लागेल, असा त्या उपमेचा आशय आहे. एका जोडीने तिथे 'निरगाठ' हा शब्द योजला. भोरजवळच्या खेड्यातून आलेल्या त्यांच्यापैकी एकाने सांगितले की दावे बांधताना सुरगाठ मारतात, कारण वेळ आली तर एका हिसक्यात सुटली पाहिजे. निरगाठ पडली तर विळा लागतो. मग चर्चा अशी झाली की ख्रुश्चेव्ह सुरगाठ शोधत होते का, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या, तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढण्याची मागणी करणाऱ्या पत्राने ती गाठ आवळली की सैल केली. वॉशिंग्टन गट पहिल्यांदा म्हणाला की आवळली. मॉस्को गटाने दाखवून दिले की मागणीला ठरावीक आकार आला म्हणजे सौदा करायला जागा होते. हा युक्तिवाद मी शिकवलेला नव्हता.

दिल्लीचा गट

दिल्ली गटाला सुरुवातीला वाटत होते की आपल्याला दुय्यम काम मिळाले आहे. १९६२विषयी या वयाच्या मुलांजवळ घरातून आलेले ज्ञान बहुधा एका वाक्याचे असते : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. यशवंतराव चव्हाण त्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते कोणत्या जगात गेले, याची कल्पना त्या वाक्यातून येत नाही.

गटाने पहिले काम घड्याळाचे केले. वॉशिंग्टनमध्ये २२ तारखेला संध्याकाळी सातला झालेले भाषण म्हणजे आपल्याकडे २३ तारखेची पहाटे साडेचारची वेळ. त्यामुळे त्या सकाळच्या अंकात ते सविस्तर सापडणे कठीण, हे एका जुन्या ग्रंथालयात मराठी दैनिकाची बांधीव फाइल उघडण्यापूर्वीच त्यांच्या लक्षात आले. दुसरे काम एका विद्यार्थ्याच्या आजीने केले. तिने जुने पंचांग जपून ठेवले होते. त्यात त्या वर्षीची अश्विन अमावास्या २८ ऑक्टोबरला होती. म्हणजे शीतयुद्धातला सर्वांत धोक्याचा शनिवार आणि मॉस्को रेडिओची घोषणा झाली तो रविवार ऐन दिवाळीत आले होते. तो विद्यार्थी पंचांग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आला. पाने पिवळी पडली होती आणि मार्जिनमध्ये शाईने दूध-किराण्याचे हिशोब होते. पंचांग हेही साधन होऊ शकते, हे वर्गाला मला निराळे सांगावे लागले नाही.

या गटाचा खरा शोध 'प्रावदा' या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातील दोन अग्रलेखांचा होता. २५ ऑक्टोबरच्या अग्रलेखाने भारत-चीन सीमेवरील मॅकमहोन रेषेला साम्राज्यवादाचा वारसा ठरवले आणि चीनचे प्रस्ताव भारताने मान्य करावेत असा सूर लावला. ज्या सोव्हिएत संघाकडून भारत मिग विमाने घेण्याच्या बेतात होता, त्याचे हे बोल दिल्लीला जिव्हारी लागणारे होते. ५ नोव्हेंबरच्या अग्रलेखात तो सूर ओसरला आणि युद्धबंदीवर व वाटाघाटींवर भर आला. मुलांनी दोन्ही अनुवाद शेजारी चिकटवले आणि मधल्या जागेत २८ ऑक्टोबर ही तारीख लिहिली. क्युबात अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे असताना मॉस्कोला चीनशी असलेली फूट चव्हाट्यावर येणे परवडणारे नव्हते, आणि तो धोका टळल्यावर भारताकडे पुन्हा वळायला जागा झाली, हा संबंध त्यांनी कागदांवरून मांडला. अमेरिकेचे दिल्लीतील राजदूत गॅल्ब्रेथ यांनीही दैनंदिनीत नोंदवले आहे की, त्या दिवसांत वॉशिंग्टनचे लक्ष क्युबाकडे लागलेले असल्याने त्यांना बरेचसे स्वतःच्या जबाबदारीवर वागावे लागले. दोन पेपरांमधली भिंत इथे खरोखर पडली.

जोडण्याचा अतिरेक

भिंत पडली की लगेच दुसरी चूक होते, आणि ती वर्गातील सर्वांत हुशार मुलाने केली. त्याच्या निबंधाचे प्रतिपादन असे होते की, महासत्ता क्युबात गुंतल्या म्हणून चीनने हल्ल्याची वेळ साधली, आणि २० नोव्हेंबरला केनेडींनी नौदलाचा वेढा उठवताच २१ला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. निबंध देखणा होता. तारखा चोख होत्या. मला तो परत करावा लागला.

परत करताना मी त्याला तारखेच्या मर्यादेचा नियम पेकिंगला (आजच्या बीजिंगला) लावून पाहायला सांगितले. केनेडींना स्वतःला क्षेपणास्त्रांची छायाचित्रे १६ ऑक्टोबरच्या सकाळी दिसली आणि जगाला ते २२ला कळले. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताशी संघर्ष पेटण्याच्या शक्यतेची कल्पना सोव्हिएत राजदूताला ८ ऑक्टोबरलाच दिली होती. शिवाय १९६१पासून पुढे सरकवलेल्या भारतीय चौक्या, ईशान्य सीमेवरील थागला कड्याखाली नामका चू नदीच्या काठची कोंडी, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या आदेशाविषयी नेहरूंनी १२ ऑक्टोबरला केलेले जाहीर विधान, आणि हिवाळ्यात बंद होणाऱ्या खिंडी, ही कारणे क्युबाचे नाव न घेताही उभी राहतात. तो म्हणाला, "पण मॅडम, ख्रुश्चेव्हना तर माहीत होतं. त्यांनी चीनला सांगितलं असेल." मी म्हटले, "असेल. त्या 'असेल'चा कागद घेऊन या." त्याने दहा दिवस शोधले. ऑक्टोबरच्या मध्यात ख्रुश्चेव्ह यांनी मायदेशी परतणाऱ्या चिनी राजदूताला सीमावादात पाठिंब्याचे आश्वासन दिले होते, इथवर तो पोहोचला. त्यापुढचा दुवा त्याच्या हाती लागला नाही. सुधारलेल्या निबंधात त्याने दोन वाक्ये वेगवेगळी लिहिली : क्युबाने सोव्हिएत भूमिकेवर परिणाम केला, हे अग्रलेखांवरून दाखवता येते, क्युबामुळे चीनने हल्ला केला, हे आपल्याजवळच्या पुराव्यावरून दाखवता येत नाही. पहिला निबंध वाचायला अधिक रंगतदार होता. गुण मी दुसऱ्याला अधिक दिले, आणि का दिले ते वर्गासमोर त्याच्या संमतीने सांगितले.

आमच्या वर्गात पेकिंगचा गट नव्हता, ही यातली माझी चूक. ज्या राजधानीची खुर्ची आपण मांडत नाही, तिच्या मनातले आपण खुशाल गृहीत धरतो. हवाना गट मांडला होता म्हणूनच २८ ऑक्टोबरच्या चर्चेत त्यांच्यापैकी एक जण उठून म्हणाला होता, "आमच्या देशातली क्षेपणास्त्रं निघाली आणि आम्हाला रेडिओवरून कळलं." क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांचा क्षेपणास्त्रे निघाल्याच्या तपासणीला नकार आणि ३० ऑक्टोबरला ऊ थांट यांना हवानाला करावा लागलेला प्रवास त्या एका वाक्यानंतर समजावून सांगावा लागला नाही. त्या प्रवासात त्यांचे लष्करी सल्लागार म्हणून ब्रिगेडिअर इंदरजित रिखी हे भारतीय अधिकारी होते, हे दिल्ली गटाने अभिमानाने सांगितले.

खर्च आणि निकाल

या घटकाला नियोजनात चार तासिका होत्या. आम्ही अकरा घेतल्या. त्यामुळे आफ्रिकेतील निर्वसाहतीकरण मला दोन तासांत उरकावे लागले. ही हानी खरी आहे. सहकाऱ्यांनी विभागाच्या बैठकीत त्यावर बोट ठेवले, आणि त्यांचे म्हणणे मी खोडू शकले नाही. पुढच्या वर्षासाठी आम्ही दोघांनी मिळून या घटकाच्या सहा तासिका ठरवल्या आहेत, तीन त्यांच्या पेपरमधून आणि तीन माझ्या. एक मंगळवार आणि एक गुरुवार दोघेही वर्गात उभे राहणार आहोत. पाचवा गट पेकिंगचा असेल. त्याची जुडी पातळ असणार, आणि ती पातळ का आहे हे शोधणे हेच त्या गटाचे पहिले काम असेल.

सत्रान्त परीक्षेत प्रश्न नेहमीचाच आला : क्युबा पेचप्रसंगाची कारणे व परिणाम स्पष्ट करा. बहुतेकांनी चार खणांतले उत्तर लिहिले, आणि गुण जिथे आहेत तिथे मुले जाणार हे मी समजून घेते. जुन्नरच्या विद्यार्थिनीने परिणामांच्या खणात तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रांचा सौदा लिहिला होता. अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी २७च्या रात्री तो सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्याकडे तोंडी मान्य केला, १९६९मध्ये त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो सौम्य करून छापला गेला, आणि आपण संपादनात तो झाकला होता हे अध्यक्ष केनेडींचे सल्लागार सोरेन्सन यांनी १९८९मध्ये कबूल केले, असे तीन ओळींत मांडून तिने समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. रेघेच्या डाव्या बाजूला लिहिले होते 'खरे होते', उजव्या बाजूला 'माहीत होते'.